गरोदर बायांच्या तपासणीत ‘घरी कुणी मारतं का?’ हे सगळ्यांनाच विचारावं का?

पायवाट

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. जिल्हा सांगत नाही, समजून घ्या. मध्यंतरी एका बैठकीत टूम निघाली की गरोदर मातांच्या रजिस्टरात आणखी एक रकाना वाढवावा, ‘कौटुंबिक हिंसा: होय / नाही’. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि त्याच ओळीत हा. अजून लेखी काही आलेलं नाही, पण आमच्याकडे बैठकीतली टूम परिपत्रक व्हायला वेळ लागत नाही.

विचारायला माझी ना नाही. रकान्याला आहे.

दर महिन्याची ९ तारीख म्हणजे सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस. त्या दिवशीची आमची ओपीडी डोळ्यांपुढे आणा. एकच टेबल. सिस्टर बीपीचा पट्टा गुंडाळतेय, पोरीची सासू पिशवी छातीशी धरून खेटून उभी, नवरा दारात मोबाईल बघतोय, मागे रांगेतल्या बाया कान देऊन. अशात सिस्टरने पट्टा सोडता सोडता विचारायचं, ‘घरी मारतात का गं?’ उत्तर काय येणार ते सांगायला डॉक्टर लागत नाही. महिनाअखेर अहवाल जाईल: तपासणी इतकी, हिंसा निरंक. आणि वर कुणीतरी त्या निरंकाचं सादरीकरण करेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात २९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.२ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्यांना हे आकडे मिळाले, कारण एका घरातल्या एकाच बाईला ते प्रश्न विचारतात आणि ती एकटी मिळाली तरच. आडोसा मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. आम्ही गर्दीत विचारून काय मिळवणार?

आरोग्य खात्यातले, वकील, समुपदेशक, बाहेरच्या देशांत काम करणारे, सगळ्यांनी लिहा. राजकारण नको.

परसातला_आंबा

पोलीस आहेत, महिला आयोग आहे, तंटामुक्त समिती आहे. डॉक्टरने ताप-खोकला बघावा. नवरा-बायकोच्या भांडणात दवाखाना शिरला तर चाललेली घरं मोडतील.

ओसरी

@परसातला_आंबा, त्याच सर्वेक्षणात मार खाल्लेल्या बायकांपैकी ७७ टक्क्यांनी कुणालाही काही सांगितलेलं नाही, मदतही मागितलेली नाही. मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी, आणि ती मुख्यतः माहेरच्यांकडे. तुम्ही म्हणता त्या पोलीस आणि समितीपर्यंत ती पोचतच नाही. दवाखान्यात मात्र येते. पोराच्या लसीला येते, तांबी बसवायला येते, ‘बाथरूममध्ये पडले’ म्हणून येते.

मुंबईत ‘दिलासा’ केंद्र याच हिशेबाने उभं राहिलं. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात, महापालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी मिळून सुरू केलं. पुढे मुंबईतल्या ११ रुग्णालयांत तसे विभाग झाले. मी अशाच प्रकारचं काम बरीच वर्षं केलं आहे (कुठे ते विचारू नका). केंद्र दवाखान्याच्या आत असण्याचा मोठा फायदा असा की ‘दवाखान्यात जाऊन येते’ म्हटल्यावर घरात कुणी उलटतपासणी घेत नाही. हातात केस पेपर, परत जाताना गोळ्यांची पुडी. मधला पाऊण तास कुठे गेला हे कुणाला कळत नाही.

पायवाट, तुमच्या टेबलाचं वर्णन अगदी बरोबर आहे. पण प्रश्न कसा विचारतो यावरही बरंच अवलंबून असतं. ‘घरी सगळं ठीक ना?’ म्हटलं की ‘हो’. ‘हिंसा होते का?’ म्हटलं की ‘छे छे’, कारण हिंसा म्हणजे पेपरात येते ती, चार चापट्या कुणी हिंसेत मोजत नाही. मी असं विचारायचे: ‘भांडण झालं की पुढे काय होतं?’ मग, ‘हात उचलतो? ढकलतो? पोटात मारलंय कधी?’ मग, ‘तो घरी यायची वेळ झाली की पोटात गोळा येतो का?’ या शेवटच्या प्रश्नावर गप्प होणाऱ्या कितीतरी बायका आधीच्या सगळ्यांना ‘नाही’ म्हणालेल्या असायच्या.

किवीकाकू

ऑकलंडहून लिहितेय, इथे प्रसूतीपश्चात वॉर्डात नर्स आहे. न्यूझीलंडच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे १६ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीला हे विचारणं अपेक्षित आहे, लक्षणं असोत वा नसोत. तिला एकटीला गाठूनच. नवरा हलत नसेल तर त्या दिवशी विचारत नाही, ‘विचारता आलं नाही’ अशी नोंद करतो. प्रशिक्षण झाल्याशिवाय कुणाला विचारू देत नाहीत.

माझं मत सरसकट विचारण्याच्या बाजूने आहे. संशय आला तर विचारा म्हटलं की आपण कुणावर संशय घेतो? झोपडपट्टीतली, दारूड्याची बायको, डोळ्याखाली काळंनिळं असलेली. बंगल्यातली प्राध्यापक बाई सुटते. आमच्या वॉर्डात आपल्याकडच्या मुली येतात, नवरा आयटीत, सासू बाळंतपणाला आलेली. अंगावर एक खूण नाही. पासपोर्ट, बँकेचं कार्ड सगळं नवऱ्याकडे आणि हिला एकटीने बसमध्ये बसायची मुभा नाही. संशयाच्या यादीत ही कुठे बसते? ‘आम्ही सगळ्यांनाच विचारतो’ या वाक्याने तिचं तोंड उघडतं, कारण मग तिच्या नवऱ्यावर आरोप केल्यासारखं होत नाही.

संख्यावेडा

थोडं पाणी ओततो. सरसकट चाळणीचे, म्हणजे लक्षणं असोत-नसोत सगळ्यांनाच विचारण्याचे, पुरावे फार बरे नाहीत.

कॉक्रेन म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१५ च्या आढाव्यात १३ चाचण्या एकत्र केल्या होत्या, सुमारे १५ हजार बायका. निष्कर्ष असा की सगळ्यांना विचारलं तर हिंसा सोसत असल्याचं लक्षात आलेल्या बायकांची संख्या नक्की वाढते. त्यापुढे हिंसा कमी झाली, तब्येत सुधारली, असं दिसत नाही. २०१२ साली शिकागोतल्या सरकारी दवाखान्यांत सुमारे २,७०० बायकांवर चाचणी झाली: एका गटाला संगणकावर प्रश्न आणि मदतीची यादी, दुसऱ्याला नुसती यादी, तिसऱ्याला काहीच नाही. वर्षाने तिन्ही गट सारखेच.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं की सगळ्यांची सरसकट चाळणी करू नका, लक्षणं दिसतील तिथे विचारा. गरोदर बायकांपुरती मात्र मुभा ठेवली, पण अटींवर: काय करायचं याची लेखी पद्धत, शिकलेला कर्मचारी, एकांत, गुप्तता आणि पुढे पाठवायची सोय. उलट अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ मध्ये प्रजननक्षम वयाच्या सगळ्या स्त्रियांची चाळणी करा अशी शिफारस केली. म्हणजे तज्ज्ञांचंही एकमत नाही, धाग्यावर होईल अशी आशा नको.

किवीकाकू

@संख्यावेडा, त्या शिकागोच्या चाचणीत बाईच्या हातात दिलं काय, तर फोन नंबरांचा कागद. बीपी मोजायचं, मेडिकल दुकानाचा पत्ता द्यायचा आणि वर्षानं बीपी उतरलं नाही म्हणून मोजणंच बंद करा म्हणायचं, असला प्रकार आहे हा.

संख्यावेडा

हे मान्य, आणि त्याला पुरावाही आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि लंडनच्या हॅकनी भागात ‘आयरिस’ नावाची चाचणी झाली, २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. २४ दवाखान्यांत डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण, संगणकावरच्या केस पेपरात ठरावीक तक्रारी लिहिल्या की प्रश्न विचारायची आठवण, आणि मुख्य म्हणजे दवाखान्याला जोडलेली एक ओळखीची कार्यकर्ती, जिला डॉक्टर थेट फोन करू शकेल. वर्षभरात या २४ दवाखान्यांनी २२३ बायकांना पुढे पाठवल्याची नोंद झाली. दुसऱ्या २४ दवाखान्यांत, जिथे यातलं काही नव्हतं, १२. आणि यात सरसकट चाळणी नव्हती बरं का.

मांडवीपार

गोव्यातून. लक्षणांचा विषय निघाला म्हणून. ‘अंगावर पांढरं जातं’ ही तक्रार तुमच्याकडेही रोज येत असेल. हळदोण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला होता, निष्कर्ष २००५-०६ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या परिस्थितीशी या तक्रारीचं नातं जास्त घट्ट निघालं. आमच्याकडे मात्र अजून पांढरं म्हटलं की जंतुसंसर्गाच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोल आणि फ्लुकोनाझोल. तिसऱ्यांदा तीच बाई तीच तक्रार घेऊन आली की निदान तेव्हा तरी पेन खाली ठेवून खुर्ची ओढावी.

दुर्वांकुर

नमस्कार. मी गावातली आशा कार्यकर्ती आहे. वाचते नेहमी, लिहीत नाही.

मॅडम, बैठकीत ठरलं की काम शेवटी आमच्याकडंच येतं, म्हणून लिहिते. तीस वर्षांच्या वरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे तब्येतीच्या प्रश्नांची यादी, आम्ही घरोघर जाऊन भरतो. त्यात दारू, तंबाखू विचारायची असते. नवरा बाजेवर बसलेला, वास इथपर्यंत येतोय, आणि तोच बायकोला म्हणतो, ‘सांग, नाही म्हणून’. मी नाही लिहिते. काय करू? उद्या त्याच फॉर्मात ‘मारतो का’ आलं तर मी त्याच अंगणात उभं राहून विचारायचं?

मी त्याच गल्लीत राहते. मागं एकीला मी नळावर सहज विचारलं होतं, हाताला काय झालं म्हणून. संध्याकाळी तिचा दीर आमच्या दारात. आमच्या घरात उगा कान घालू नको म्हणाला. माझ्याच मालकानं मला सुनावलं ते वेगळंच. डॉक्टर बदलून जातात, सिस्टर बदलून जातात, मी कुठं जाऊ?

आम्हाला कळत नाही असं नाही. कुठल्या घरात काय चालतं ते आशाला सगळ्यात आधी कळतं. आम्हाला विचारायला लावू नका. ‘हिला एकदा मॅडमकडं बीपीला घेऊन या’ एवढं आमच्यावर सोडा. बीपीला न्यायला कोण नाही म्हणत नाही.

ओसरी

दुर्वांकुर ताई, धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट. लिहीत जा.

परसातला_आंबा

आणि पुरुषांवर अत्याचार होत नाहीत का? त्यांच्यासाठी रकाना?

पायवाट

होतात, आणि म्हाताऱ्या आई-बापांवर तर फार होतात. तो वेगळा धागा काढा, मी येईन लिहायला.

दुर्वांकुर, ‘बीपीला घेऊन या’ हे मी उचललं.

सगळ्यांना विचारते, विशेषतः कायदा जाणणाऱ्यांना. बाईने ‘हो’ म्हटलं की माझ्यावर कायद्याने काय बंधन येतं? आमच्यातल्या निम्म्या डॉक्टरांना वाटतं की विचारलं म्हणजे पोलीस, जबाब, कोर्टाच्या तारखा. म्हणून कुणी विचारत नाही. आणि एक अवघड प्रश्न: गरोदर मुलीच्या आधार कार्डावर वय सतरा असेल तर?

काळाकोट

पायवाट, थोडं विस्ताराने लिहिते.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. कलम ७ प्रमाणे पीडित बाईला वैद्यकीय मदत देणं दवाखान्याच्या प्रभारीवर बंधनकारक आहे. नियम १७ त्यापुढे जातो. तिने आधी कुठे तक्रार केलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. घटनेचा अहवाल आधी कुणी केला नसेल तर प्रभारी अधिकाऱ्याने नमुना १ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तपासणी अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची.

नमुना १ म्हणजे एफआयआर नव्हे. तो पाठवला म्हणून पोलीस दारात येत नाहीत. हा कायदा मुळात दिवाणी उपायांचा आहे: संरक्षण आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज झाल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. (वकिलांनी हसू नये.) आणि कलम ४ प्रमाणे चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दावा लावता येत नाही. हे दुर्वांकुर ताईंच्या कामाचं, जरी दीर कायदा वाचून दारात येत नसला तरी.

जळीत, विषबाधा, गंभीर जखम असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करायचीच, तिथे पर्याय नाही.

आता सतरा वर्षांची. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराच्या कायद्यातला पंधरा ते अठरा वयाच्या पत्नीबद्दलचा अपवाद काढून टाकला. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, कलम १९ खाली पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हा गुन्हा. तिथे तुम्ही मारहाणीबद्दल विचारा वा न विचारा, गरोदरपणच पुरेसं आहे. म्हणून विचारण्यापूर्वीच तिला सांगा, की काही गोष्टी मला पुढे कळवाव्या लागतात. ‘तुझं कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊन मग फोन लावणं हा विश्वासघात होतो. या सक्तीमुळे अशा मुली दवाखान्यातच येत नाहीत, आल्या तर वय एकोणीस सांगतात, हे मला दिसतं. कायद्यात त्याला आज उत्तर नाही.

पायवाट

धन्यवाद. हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. भिंतीवरून आठवलं, आमच्याकडे १८१ या महिला हेल्पलाइनचं पोस्टर आहे. वेटिंगमध्ये, टीव्हीच्या वर. नवऱ्यांनाच जास्त दिसतं.

ओसरी

ते बायकांच्या संडासात आतून दारावर लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतही हेच आहे, आणि सोबत इशारा की पत्रक घरी नेणं धोक्याचं ठरू शकतं. चिठ्ठी देऊ नका. नंबर तीन आकडी आहे, पाठ होतो.

आणि माता-बाल संरक्षण कार्डावर काहीही लिहू नका, खूण सुद्धा नको. ते कार्ड घरी देव्हाऱ्याजवळच्या फळीवर असतं, नणंद वाचते, शिकलेला पुतण्या मोठ्याने वाचून दाखवतो. नोंद दवाखान्याच्या आत, कुलपात.

‘हो’ आलं तर चार गोष्टी लगेच विचारायच्या: मारहाण अलीकडे वाढली आहे का, कधी गळा दाबला का, जीव द्यावासा वाटतो का, आज घरी जायला भीती वाटते का. गळा दाबल्याचं सांगितलं तर ते कधीही हलक्यात घेऊ नका, पुढे जीव जाण्याच्या सगळ्यात ठळक खुणांपैकी ती एक आहे. आज जायचंच नसेल तर जिल्ह्याचं ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, तिथे पाच दिवसांपर्यंत राहायची सोय असते. जायचं असेल, आणि बहुतेक जणी घरीच जातात, तर कागदपत्रं कुठे ठेवायची, कुठल्या शेजारणीला हाक मारायची एवढं बोलायचं. ‘सोडून दे त्याला’ असा सल्ला द्यायचा नाही. ‘थोडं सांभाळून घे’ असाही नाही. दुसरा सल्ला आपल्या सिस्टर लोकांच्या फार जिभेवर असतो.

संख्यावेडा

हे सगळं करायला वेळ किती लागतो?

ओसरी

‘नाही’ म्हणाली तर मिनिटभर. ‘हो’ म्हणाली तर वीस मिनिटं, आणि ती वीस मिनिटं ९ तारखेला नसतात. म्हणून दुसऱ्या दिवशी ‘हिमोग्लोबिन परत बघायचंय’ म्हणून बोलवायचं. आज भीती आहे म्हणाली तर मात्र रांग थांबवायची.

पायवाट

बरंच पदरात पडलं. तालुक्याला मी लिहून देणार आहे ते असं. रजिस्टरात होय-नाहीचा रकाना नको. गरोदर बाईला लघवीच्या नमुन्यासाठी आत पाठवतो तीच एक वेळ अशी आहे जेव्हा सोबत कुणी जात नाही. ती डबी घ्यायला सिस्टर आत राहील आणि तिथे विचारेल. आधी दोन सिस्टर शिकतील, मग बाकीच्या. वारंवार अंगदुखी, पांढरं जाणं, झोप नाही, उशिरा नोंदणी, पुन्हा पुन्हा गर्भपात, अशांना गरोदर नसल्या तरी विचारायचं. आशांनी फक्त आणून सोडायचं. आणि हे सुरू करण्याआधी संरक्षण अधिकारी आणि सखी सेंटर यांच्याशी समोरासमोर बसून कुणाचा फोन कोण उचलणार ते ठरवायचं. फोन उचलला जात नसेल तर मी सुरू करणार नाही.

किवीकाकू

शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. सगळं जुळेपर्यंत थांबलात तर कधीच सुरू होणार नाही. आणि रकाना नको म्हणताय, पण ज्याची मोजदाद नाही ते काम चार महिन्यांत बंद पडतं. तुमची बदली झाली की संपलं. उत्तर मोजू नका. ‘एकटीला विचारलं / विचारता आलं नाही’ एवढं मोजा. त्यात बाईचं काहीच उघड होत नाही, पण तुमच्याकडे एकांत किती जणींना मिळतो ते तालुक्याला दिसेल. निरंक आला तर तो तुमच्या खोलीबद्दल असेल.

पायवाट

विचारलं की नाही एवढंच मोजायचं, हे पटलं. लिहिते. फोनचं मात्र नाही पटत. बाईने तोंड उघडलं आणि माझ्याकडे पुढे कुणी नसलं, तर ती पुन्हा कुणापुढे बोलणार नाही.

ओसरी

ऐकून घेणं हीसुद्धा मदत असते, पायवाट. पण नुसतं ऐकायलाही सिस्टरला शिकवावं लागतं. त्यासाठी औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण देऊन झालेलं काम आहे, ‘सेहत’ आणि जागतिक आरोग्य संघटनेचं. साहित्य मागून घ्या, स्वतः तयार करत बसू नका.

दुर्वांकुर

मॅडम, लघवीच्या डबीचं चांगलं आहे. पण आमच्या केंद्रात त्या खोलीला कडी नाही, आणि खिडकी रांगेकडंच आहे. पहिलं तेवढं बघा.

पायवाट

आमच्याकडेही तेच आहे. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून कडी आणि पडदा बसेल, त्याला वरची मंजुरी लागत नाही. उद्या सुताराला फोन करते.